घोडेवाल्यावरची पांढरी रेघ

९ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देईन, द्यावासा वाटला तर. आधी कामाचं.

बाबांच्या कपाटातला घोडेवाला तू शेवटचा कधी हातात घेतलास?

कोणता घोडेवाला, असं साळसूदपणे विचारू नकोस. बाबांनी जन्मभर जमवलेल्या घडीच्या चाकूंत घोडेवाला एकच. दोन पाती, करवत, आरी, बूच काढायचा स्क्रू, आणि पाठीवर घोड्याच्या टापेत अडकलेला खडा काढायचा आकडा. शिंगाची मूठ, तिच्यावर दुधाचा ओघळ आल्यासारखी पांढरी रेघ. हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात बाबांनी एवढी वर्षं काढली, न्यायला कोणी न आलेल्या मालाच्या लिलावातून किती चाकू घरी आणले, पण या एकासाठी त्यांनी वेगळी मखमल शिवून घेतली होती. तुलाही ते पाठ आहे. मी फक्त कागदावर आणतेय.

विचारायचं कारण असं. आमच्या चाकूवाल्या मंडळींचं वाचनालयाच्या हॉलमध्ये छोटं प्रदर्शन ठरलंय. मंडळी म्हणजे कोण, तर मी, कोपऱ्यावरचे चष्मेवाले आणि आणखी चार रिकामटेकडे. त्यासाठी मी घोडेवाला बाहेर काढला. मी नोकरीला लागले त्या सुमारास बाबांनी त्याला हात लावायची सगळ्यांना बंदी केली होती, स्प्रिंग नाजूक झालीय म्हणून. तेल तेच घालायचे. ते गेल्यावर मलाही तो उघडायचा धीर झाला नव्हता, वरून फडकं फिरवायचे तेवढंच. या खेपेला उघडला.

मागच्या महिन्यात तू आला होतास. मी लॅबमध्ये होते, दुपारभर तू घरात एकटा होतास. संध्याकाळी आले तर कपाटाची किल्ली खिळ्यावर उलटी टांगलेली होती. मी बोलत नाही, बघून ठेवते.

तर एवढंच सांग, कधी हातात घेतलास. फोनवर विचारणार नाही. फोनवर तू "हो गं, हो गं" करून सटकतोस. कागदावर सटकायला जागा नसते.

मागच्या खोलीचं म्हणत होतास, गुडघ्यामुळे आता लिफ्टच्या खड्ड्यांत उतरवत नाही, काम सोडून घरी राहायला यायचंय म्हणून. बघू. तिथे सध्या सामान आहे.

ताई

२१ एप्रिल

धाकट्यास,

तुझं कार्ड मिळालं. "चाकू मी घेतला नाही. बाकी विचारू नकोस." वा. मी विचारलं होतं कधी हातात घेतलास, तू सांगतोस घेतला नाही. चाकू गेलाय हे मी लिहिलंच नव्हतं. मग तुला कसं कळलं की काहीतरी गेलंय?

आता स्पष्टच लिहिते. कपाटात मखमलीवर जो पडलाय तो आपला घोडेवाला नाही. तो जोड आहे.

जोड म्हणजे काय ते तुला बाबांनी सांगितलंय, तरी सांगते, म्हणजे नंतर कळलं नाही म्हणायला नको. दोन-तीन मोडके चाकू घ्यायचे, याची पाती, त्याची स्प्रिंग, तिसऱ्याची मूठ, सगळं एकत्र ठोकून अख्खा जुना चाकू म्हणून खपवायचा. आमच्या धंद्यात याहून हलकी गोष्ट नाही. बाबा जोड दिसली की नुसतं नाक मुरडायचे आणि हात पुसायचे.

कशावरून म्हणतेस, म्हणशील. ऐक. लहानपणी मी तो चाकू दिवसभर उघडमीट करायचे. मोठं पातं मिटलं की टक् असा कोरडा आवाज यायचा. आता थप्प असा येतो, ओल्या चपलेचा. आरी उघडायला नख अडकवायची खाच एका घडणीची, करवतीची दुसऱ्याच. आणि डाव्या अंगाच्या रिव्हेटचं डोकं नवंकोरं पितळ आहे, पिवळंधमक. बाकी सगळं काळवंडलेलं आणि मध्ये तो एक सोन्याच्या दातासारखा चमकतोय. मी हयातभर लोकांच्या कवळ्या बनवल्या आहेत. खोटं खऱ्याशेजारी बसवणं हेच माझं पोट. मला हात दाखवायला निघालास, धाकट्या?

वर सुई लावून पाहिली. तापवलेली सुई मुठीला आतल्या कडेला टेकवायची, शिंग असेल तर केस जळल्यासारखा वास येतो. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्येच केलं. उजव्या बाजूला वास आला, शिंग आहे. डाव्या बाजूला, जिथे पांढरी रेघ आहे तिथे, कसलाही वास नाही. म्हणजे प्लास्टिक. हल्ली बिनवासाचंही मिळत असेल.

आणि आता मुख्य मुद्दा. त्या प्लास्टिकवर पांढरी रेघ हुबेहूब उतरवली आहे. वर जाड, खाली जाऊन फाटलेली. ज्याने केली त्याला मूळ चाकू तोंडपाठ असणार. जगात असे तिघे. बाबा गेले. मी माझीच चोरी करणार नाही. उरलं कोण?

खरा कुठे आहे ते सांग. कोणाला दिला असशील तर त्याचं नाव सांग, मी जाऊन आणीन. पोलिसांत जाणार नाही, तेवढी मी तुझी अजून आहे.

ताई

६ मे

धाकट्यास,

कबूल केलंस एकदाचं. "रिव्हेट मी बदललं. जुनं झिजलं होतं, मूठ सुटायला आली होती. चाकू तोच आहे, ताई. जसा होता तसाच आहे. मेहेरबानी करून तो उघडू नकोस आणि प्रदर्शनातही ठेवू नकोस."

मला सांग, हे वाचून कोणाच्या डोक्यात किडा वळवळणार नाही? चाकू तोच आहे तर उघडायला का भितोस? आणि रिव्हेट बदललंस तर जेवताना समोर बसून आमटी भुरकत होतास तेव्हा तोंडात काय गुळणी धरली होतीस? संग्रहातल्या चाकूचं रिव्हेट कोणी बदलत नाही. झिजलं तर झिजलं. हे तुला बाबांनी माझ्या आधी शिकवलंय. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते तुझ्या अंगणात मुरतंय.

काल चष्मेवाले येऊन गेले. माणूस गोड बोलतो, म्हणून मी त्यांच्यावरही डोळा ठेवूनच असते. घोडेवाल्यावर त्यांचा जीव आहे, आणि ज्याचा जीव आहे त्याच्या खिशाकडे बघत राहावं. चहा होईस्तोवर मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होते, दूध उतू गेलं तरी हलले नाही. त्यांनी भिंग लावून अर्धा तास चाकू फिरवला, मग म्हणाले, "बाई, जोड आहे. पण करणाऱ्याने जीव ओतलाय हो."

सुई मागितली. डाव्या बाजूला टेकवली आणि नाक वर करून म्हणाले, "दाताच्या डॉक्टरकडे गेलं की येतो ना, तसला वास येतोय." मी म्हटलं, तो माझ्या कपड्यांना येतोय, मी आत्ताच लॅबमधून आलेय. त्यांनी सुई खाली ठेवली.

जाताना मात्र चपला घालता घालता म्हणाले, "म्हणजे तुमचे बंधू चोर निघाले म्हणायचं." मी त्यांना असं झापलं की उजव्या पायातली चप्पल डाव्यात घालून गेले. माझ्या भावाला चोर म्हणायचा हक्क माझा आहे, त्यांना कोणी दिला?

पण रात्री माझ्या मनात काय काय आलं, हेही लिहून टाकते. बाबांच्या आजारपणात तू आला नाहीस. ते गेल्यावर उशिरा आलास, पाहुण्यासारखा बाहेरच्या खोलीत बसलास. मी ते गिळलं. वाटायचं, कामात सुट्टी मिळाली नसेल, बायकोचं जाणं अजून ताजं असेल. आता वाटतं, मार्चमध्ये तू मागची खोली मागायला आला होतास की कपाटाचा अंदाज घ्यायला? हा प्रश्न मला पडावा याचंच मला फार वाईट वाटतं. पण पडलाय.

मागच्या खोलीसाठी एक नर्सबाई विचारताहेत. शांत आहेत, एकट्या आहेत, कपाटात काय आहे हे त्यांना माहीत नाही. महिनाअखेरीला त्या सामान आणतील. खरा घोडेवाला त्याआधी घरी आला तर पुढचं बोलू. नाही आला तर तू तिकडे, मी इकडे. बाबांनंतर आपल्या दोघांत तसंही काय उरलं होतं म्हणा.

ताई

१९ मे

धाकट्या,

हे पत्र सावकाश वाच. मी सावकाश लिहितेय.

तू उत्तर पाठवलं नाहीस, म्हणून मी ठरवलं, तुझी नक्कल तुलाच पार्सल करावी. आत चिठ्ठी नाही, काही नाही. नुसता चाकू. तू तिकडे डबा उघडावास आणि तुझा चेहरा पडावा, एवढीच माझी इच्छा होती. ती इच्छा फार चांगली नव्हती, पण तेव्हा फार गोड वाटली.

पाठवण्यापूर्वी म्हटलं, पुरावा ठेवावा. लॅबमध्ये नेला. कवळ्यांच्या कडा तपासायला आमच्याकडे मोठं भिंग आणि खालून उजेड देणारा दिवा आहे, त्यावर धरला. उजवी बाजू शिंगाची, तिच्यातून उजेड आला नाही. डाव्या बाजूच्या कडेतून मात्र मधासारखा तपकिरी उजेड आला. आणि त्या तपकिरी रंगात बारीक लाल धागे दिसले.

तुला यातलं काय कळणार. कवळीची हिरडी ज्या गुलाबी ॲक्रिलिकची करतात ना, त्यात लाल रंगाचे केसाएवढे धागे घातलेले असतात. हिरडीतल्या रक्ताच्या शिरा दिसाव्यात म्हणून. दुसऱ्या कुठल्याही प्लास्टिकमध्ये ते कोणी घालणार नाही, घालून करायचंय काय? ते फक्त कवळीच्या मालात असतात. मी हा माल रोज मळते. माझ्या केसांत, उशीच्या अभ्र्यात त्याचा वास आहे, म्हणून तर सुई लावली तेव्हा मला वास आला नाही. चष्मेवाल्यांना आला. मी त्यांनाच गप्प बसवलं.

तिथे भिंगासमोर बसल्या बसल्या मला आठवलं. मी नुकती लॅबला लागले होते. बाबा एकदा न कळवता मला भेटायला आले. ते कधी कामाच्या ठिकाणी यायचे नाहीत. म्हणाले, "घरच्या खुर्चीच्या हाताचा तुकडा उडालाय, तुझ्या त्या दातांच्या मसाल्याचा एक बोटाएवढा तुकडा करून दे. तपकिरी हवा." मी म्हटलं, आमच्याकडे गुलाबी असतो, त्यात रंग घालावा लागेल. ते म्हणाले, "घाल. आणि मध्ये एक पांढरी रेघ येऊ दे. वर जाड, खाली फाटलेली."

मी हसले होते. खुर्चीला रेघ कशाला, विचारलं. म्हणाले, "लाकडाला असते तशी." मी कारागीर म्हणून नवी होते, काम दाखवायची हौस होती, ती रेघ मी दोनदा करून पाहिली. पहिली बिघडली म्हणून.

घरी आल्याबरोबर दिवा लावून खुर्ची पाहिली. दोन्ही हात तळहातांनी चाचपले. तुकडा कुठेच उडालेला नाही. खुर्ची अख्खी आहे, पहिल्यापासून अख्खीच होती.

म्हणजे ही नक्कल माझ्या हातची आहे. आणि ती तू मार्चमध्ये येऊन केलेली नाहीस, ती झाली तेव्हा तर तू कॉलेजात होतास. आणि इतकी वर्षं काचेआडून मी जो घोडेवाला बघत होते, आल्यागेल्याला दाखवून फुशारक्या मारत होते, तो हाच.

मग खरा कुठे गेला? तुला माहीत आहे. आता मी रागाने विचारत नाही. नुसतं विचारतेय.

पार्सल केलं नाही.

ताई

२ जून

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र लांबलचक आलं, जन्मात पहिल्यांदा. मी ते आधी उभ्याने वाचलं, मग त्याच खुर्चीत बसून.

मला तू लिहिलेली ती बाई डोळ्यांसमोर दिसतेय. तू बाबांच्या ऑफिसात त्यांच्याबरोबर काउंटरच्या आत बसलेला, ती जाळीपलीकडे. वडील घोड्यांचे डॉक्टर होते, म्हणाली, त्यांचा चाकू कधीकाळी प्रवासात हरवला, इथे आला असेल का. वर्षं उलटून गेलेली. लिलाव झालेला, चाकू रीतसर बाबांचा झालेला. ते "नाही बाई" म्हणाले असते तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण ऑफिसचा त्यांचा नियम होता, खूण सांगेल त्याचा माल. आणि त्या बाईने विचारायच्या आधीच सांगितलं, मुठीवर पांढरी रेघ आहे, खाली फाटलेली, आणि टोकाला दाताचे वळ आहेत. मला दात येत होते तेव्हा मी तो चावायचे, असं म्हणाली.

ते वळ मीही पाहिले होते, धाकट्या. मला वाटायचं, कुत्र्याने चावलाय.

बाबा दुसऱ्या दिवशी घरून चाकू घेऊन गेले आणि जाळीखालून सरकवला. तू लिहितोस, त्या बाईने तो नाकाला लावला आणि तशीच निघून गेली. आणि बाबा तुला म्हणाले, "ताईला सांगू नकोस. तिचा त्याच्यावर फार जीव आहे. ती परत मागायला जाईल."

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी मला बाबांचा राग आला. मग समजलं की त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. मी गेले असते. त्या बाईच्या दारात उभी राहून भांडले असते, दाताचे वळ माझेच म्हणाले असते. म्हणून जोड दिसली की हात पुसणाऱ्या माणसाने स्वतः बसून जोड ठोकली. मोडक्या चाकूंच्या डब्यातून पाती शोधली, तुला पकड धरायला लावली, आणि रेघ ज्या मुलीला फसवायचं तिच्याकडूनच करून घेतली. माझ्याइतकी नीट दुसऱ्या कोणी केली नसती, असंही त्यांना वाटलं असेल. असं मी आता स्वतःला सांगते आणि मला बरं वाटतं.

आणि तू. मागच्या खेपेला कपाट उघडलंस, रिव्हेट झिजलेलं पाहिलंस. एक ना एक दिवस मी चाकू काढणार, मूठ माझ्या हातात सुटणार, आतला माल मला दिसणार, हे तुझ्या लक्षात आलं. म्हणून पिशवीतल्या लिफ्टच्या सामानातलं एक पितळी रिव्हेट काढून ठोकलंस. मग मी तुला चोर ठरवलं, खोली नाकारली, आणि तू चार ओळींची कार्डं पाठवत राहिलास. बाबा गेल्यावरही त्यांना दिलेला शब्द मोडला नाहीस. तू लिहितोस, "सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, बाबांनी मला का नाही सांगितलं. त्याचं उत्तर मला देता आलं नसतं." देता आलं असतं रे. तुला द्यायचं नव्हतं, कारण ते मला लागलं असतं.

आजारपणात का आला नाहीस तेही कळलं. त्या दिवसांत तूच इस्पितळात पडून होतास, गुडघ्याची हाडं जोडून घेत, आणि मला काळजी नको म्हणून सांगितलं नाहीस. तुम्हा बापलेकांनी मला न सांगायचा काय मक्ताच घेतलाय का? यापुढे हे चालणार नाही. दुखलं तर दुखतं म्हणायचं.

मला तुझी माफी मागायची आहे. मी अशी शब्दांत कधी मागितलेली नाही, नीट जमत नाहीये. पण तुला चोर म्हणताना माझं पेन एकदाही थांबलं नाही, याची मला लाज वाटते.

चष्मेवाल्यांचीही मागितली. म्हटलं, तुमचं नाक माझ्यापेक्षा शाबूत आहे. प्रदर्शनात घोडेवाला ठेवला, मधल्या टेबलावर. खाली पाटी लावली: "जोड. घरी बनवलेली. काम वडील, मुलगी आणि मुलगा यांचं." लोक खऱ्यांना सोडून त्याच्यासमोरच उभे राहत होते. मी मात्र दिवसभर टेबलाजवळून हलले नाही, कोणाचा काय भरवसा.

नर्सबाईंना नाही म्हणून सांगितलं. मागच्या खोलीतलं सामान माळ्यावर गेलं. न्हाणीघरात धरायला कठडा बसवून घेतलाय, तुझ्या गुडघ्यासाठी. कपाटाची किल्ली त्याच खिळ्यावर आहे, उलटी टांग नाहीतर सुलटी टांग.

येताना ओझं आणू नकोस. आणि एक लक्षात ठेव, या घरातून जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी मी तपासते, तुझी तर नक्कीच तपासणार. ते टाळायचं असेल तर एकच उपाय आहे. जाऊ नकोस.

मागच्या पत्रांतले राहिलेले सगळे धरून, आशीर्वाद.

ताई